सवतीची चेन

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, माझ्याच अंगणात, गावातल्या झाडून साऱ्या बायांच्या देखत मी शाळेतल्या मास्तरीणबाईंच्या पदराला हात घातला आणि म्हटलं, "काढा. माह्या नवऱ्यानं तुमाले देलेली चेन काढा."

बाईंच्या गळ्यात काळी पोत होती आणि पोतीखाली जन्माचा एक तीळ होता. बस, एवढंच. सोन्याची चेन होती ती माझ्या डोक्यात, आणि तिथं ती कितीतरी दिवसांपासून लखलखत होती.

तेव्हा मी पंचविशीची असेन. त्या पोरीला मी आज ओळखसुद्धा देत नाही. रस्त्यात भेटली तर आधी वेणीला धरून दोन ठेवून देईन, मग सावलीत बसवून पाणी पाजीन आणि विचारीन, काहून वं, एवढी कायले पेटली होती?

जिच्यापायी पेटली होती ती आत्ता माझ्या समोर अंगणात उभी आहे. चारी चाकं काढलेली, बोनेट उघडं, पोटाखाली लोखंडी घोड्या लावलेल्या. अशी उघडीवाघडी असूनही तिचा तोरा कमी नाही. आणि मी ओसरीवर पंख्याखाली बसून हे लिहिते आहे, पायांत लोकरीचे जाड मोजे घालून. वऱ्हाडातल्या आमच्या धनजमध्ये, दसऱ्यानंतरच्या उकाड्यात, लोकरीचे मोजे. मघाशी शेजारीण डोकावून गेली. मोज्यांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, काही न बोलता गेली. म्हातारपणाचा हा एक मोठा फायदा आहे, लोक विचारायचं सोडून देतात. तुम्हाला मात्र सांगणार आहे, पण मोजे शेवटी. आधी सवत.

सवत म्हणजे जीप. डिझेलवरची, चारी चाकांनी ओढणारी, कुठल्याशा सरकारी खात्यानं लिलावात काढलेली. ती घरी आली तेव्हा आमच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. ती दारात येऊन उभी राहिली आणि सासूबाई आतून परात घेऊन आल्या. भाकरतुकडा ओवाळून टाकला, चाकांवर पाणी घातलं, कपाळावर, म्हणजे काचेखाली, कुंकू लावलं. मी ती परात ओळखली. माझ्यावरूनही भाकरतुकडा त्याच परातीतून ओवाळला होता. मग आमचे हे तिच्या बोनेटवर हात ठेवून म्हणाले, "चंपा. हिचं नाव चंपा."

मला ते आयुष्यभर 'अवं' म्हणाले. आमच्याकडं बायकोला नावानं हाक मारायची रीत नव्हती, ठीक आहे. पण मग रीत सगळ्यांना सारखी पाहिजे की नाही? माणसाला 'अवं' आणि पत्र्याला 'चंपा'!

आता त्या पत्र्याची सेवा माझी नात मनू करते आहे. माझ्या लेकीची लेक. नागपूरला नोकरीत आहे, सुट्टी काढून आली आणि आल्या दिवशी कोठ्यातून, म्हणजे गोठ्यातून, जीप बाहेर ओढली. बरीच वर्षं ती कडब्याच्या आडोशाला उभी होती. बोनेटखालून कोंबडीची अंडी निघाली, मागच्या सीटच्या काथ्यातून उंदरिणीचं अख्खं बाळंतपण निघालं. मनूनं सगळ्यांना सन्मानानं घराबाहेर काढलं आणि कामाला लागली. या हिवाळ्यात तिला ही जीप हिमाचलात न्यायची आहे. बर्फात. जिथं तिच्या आजोबांनी नेली होती तिथं.

काय काय लाड चालले आहेत बघा. स्प्रिंगचे जुने पाटे काढून नवे घातले, त्यामुळं बाईसाहेब वीतभर उंच झाल्या. नवे शॉकअप. नखं असलेले रुंद टायर, वाघिणीच्या पंजासारखे. समोर तारेचा दोर गुंडाळलेली चरखी, कुठं रुतली तर स्वतःलाच झाडाला बांधून बाहेर ओढून घ्यायला. हवा ओढायची नळी टपापर्यंत नेली आहे, हत्तीनं सोंड वर करावी तशी, म्हणजे नाल्यातून जाताना इंजिनाच्या नाकात पाणी जायला नको. थंडीत दम न सोडणारी बॅटरी. रेडिएटरमध्ये पाण्याऐवजी हिरवं औषध. म्हणे ते गोठत नाही आणि आतून गंजूही देत नाही.

मी म्हटलं, "मनू, मले टाकता येते का वं थे हिरवं?"

"आजी, तू कुठं गंजलीस?"

"आतून पाह्य ना मंग. बाहेरून कायले पाह्यतं?"

ती हसली आणि परत जीपखाली गेली. माझ्या गुडघ्यांबद्दल कारंज्याचे डॉक्टर म्हणतात, आजीबाई, वयाप्रमाणं हे चालायचंच. मग हिचं वय काय झाडाला टांगून ठेवलं होतं? माझ्यापेक्षा थोडीच लहान आहे. तिला नवे गुडघे आणि मला मालिशचं तेल.

परवा मनूनं खालून हात बाहेर काढला. "आजी, तो पाना दे ना." मी पाना उचलला आणि नाकात तो वास शिरला. ग्रीस, डिझेल आणि ओल्या लोखंडाचा. हात तसाच राहिला. या वासानं माझी किती वर्षं खाल्ली! बाकीच्या बाया नवऱ्याच्या सदऱ्याला अत्तराचा वास येतो का ते हुंगून बघतात. मीही हुंगायची, रोज, धुणं भिजवायच्या आधी. रोज डिझेलच निघायचं. कधी कधी वाटायचं, एखाद दिवस मोगरा निघाला असता तर बरं झालं असतं. बाईशी भांडता येतं.

यांना बर्फ कुठून सुचला ते मला आजही सांगता येणार नाही. कुणाला दारू सुचते, कुणाला पुढारीपण. यांना बर्फ सुचला. आमच्या गावात बर्फ म्हणजे कारंज्याहून लाकडाच्या भुशात गुंडाळून आलेली लादी, तीही कुणाचं लग्न असलं तर सरबतापुरती. तेवढ्यात शाळेत नव्या मास्तरीणबाई आल्या. पुण्याकडच्या, गोऱ्या, अंगानं चांगल्या भरलेल्या. त्यांचा भाऊ फौजेत होता, डोंगरात, बर्फात. त्यांनी कधीतरी बोलता बोलता यांना सांगितलं, तिकडं बर्फ पिंजलेल्या कापसासारखा पडतो आणि गाड्या त्यातून चालतात. झालं. यांचा शाळेकडं जायचा रस्ता एकदम गुळगुळीत झाला.

पिंजलेल्या कापसासारखा! कापूस तर आमच्या घरादारात. कारंज्याच्या बाजारात त्या दिवसांत कापसाच्या गाड्यांची रांग लागायची, जिनिंगच्या आवारात पांढरे डोंगर उभे राहायचे, वाऱ्यानं उडालेला कापूस बाभळीच्या काट्यांत अडकून राहायचा आणि सरकीचा तेलकट, गोडसर वास अंगावर चढायचा. हे त्या डोंगरांपुढं जीप थांबवून नुसते बघत राहायचे. एकदा म्हणाले, "अवं, असं समज का हे सारं थंड हाये." मी म्हटलं, "समजली. आता मले काचेच्या बांगड्या घेऊन द्या." ते माझ्याकडं असं बघायला लागले की जणू मी कापसात काडी टाकली.

मग सुरू झाली चंपीची तयारी. आणि माझी उपासमार.

उन्हाळ्यात तिला हीटर बसला. कुठल्या तरी मोडीत निघालेल्या ट्रकचा. तो चालतो की नाही हे बघायला भर वैशाखात काचा लावून दोघं दोस्त आत बसले आणि टमाट्यासारखे लाल होऊन बाहेर आले. दोघं म्हणजे हे आणि गफूरभाई. गफूरभाईंचं कारंज्यात बसस्टँडमागं वेल्डिंगचं दुकान, दोघांची शाळेपासूनची जोडी. यांच्या डोक्यात जे शिरायचं ते लोखंडात उतरवायचं काम गफूरभाईंचं.

पावसाळ्यात आमची काळी माती अशी होते की पाय घातला तर चप्पल देवाला. या चिखलातच बर्फाचा सराव करायचा असं ठरलं. "चिखल का आन बरफ का, घसरनं सारखंच," हे म्हणायचे. चाकांची पकड वाढवायला म्हणून काय गुंडाळलं असेल? माझ्या विहिरीचं चऱ्हाट! अडाण नदीच्या काठच्या गाळात जीप चऱ्हाट गुंडाळून नाचत होती आणि मी घागर घेऊन शेजारच्या विहिरीवर. तिथल्या बाया विचारायच्या, "काहून वं, तुमची हीर आटली का?" मी म्हणायची, "हीर नाई आटली, नवरा आटला."

हिवाळा लागला तशी आणखी एक बातमी शाळेतून आली. थंडीनं डिझेल थिजतं, त्यात थोडं रॉकेल मिसळलं तर पातळ राहतं. रेशनचं रॉकेल कुणाचं? माझ्या स्टोव्हचं. ते गेलं डब्यात भरून कोठ्यात आणि मी कापसाच्या ओल्या पऱ्हाट्यांवर फुंकणीनं डोळे लाल करत बसले. त्याच आठवड्यात पिंजारी आला. दरवर्षी त्याच्या धनुकलीचा तो तुंग-तुंग आवाज अंगणात आला की मला माहेर आठवायचं, घरभर कापसाचा धुरळा उडायचा, पोरं शिंकायची. मी आपली वाट बघत, यंदा नवी रजई होणार. झालीही. बारदान्याचं अस्तर, आत पाच-सहा शेर कापूस, वरून मेणकापड. नीट टाचे घातलेली. चंपीच्या बोनेटवर पांघरायला.

मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले होते, खरंच. कुणी बघत नाही असं पाहून तिला म्हटलं, "तुले लाज नाई वाटत?" तिचे दोन दिवे माझ्याकडं बघत होते, थंड, गोल, अगदी थोरल्या जावेसारखे.

आता चेन.

दुपारची वेळ होती. मी ओसरीवर तुरी पाखडत होते. सुपातून कोंडा उडत होता, ऊन हिवाळ्याचं, मऊ होतं, अंगणात हुरड्याच्या कणसांचा ढीग. जीपखालून चार पाय तेवढे बाहेर दिसत होते, दोन यांचे, दोन गफूरभाईंचे. बोलणं मात्र जमिनीला धरून सरळ माझ्या कानापर्यंत येत होतं.

"बाईनं सांगतली तशीच चेन पायजे," हे म्हणाले.

"मोठी करा लागन. आंग दांडगं हाये तिचं."

माझं सूप थांबलं.

"वजनाची फिकर नको करू गफूर. पन तुटली नाई पायजे."

"एक करू का जोडी?"

"जोडीच कर. संक्रांतीच्या आदी दे. मंग घेऊन जातो तिले बरफात."

"आन भाभीले?"

"तिले अजून सांगतलं नाई. चेन झाली का सांगतो."

माहेरहून आणलेली माझी पोत अशी बारीक होती की डोळे बारीक करून शोधावी लागायची. आणि तिला वजनाची फिकर नको! तिला जोडी! एक गळ्यात आणि एक काय कमरेला? मी उठले आणि पाखडलेल्या तुरी परत कोंड्यात ओतल्या. मग दिवसभर पाखडत बसले. त्या तुरीची डाळ आम्ही वर्षभर खाल्ली, कोंड्यासकट.

तेव्हापासून संक्रांतीपर्यंत मी मुक्यानं जळले. भाकरी जळायच्या, दूध उतू जायचं. ते विचारायचे, "बरं नाई का?" मी म्हणायची, "मले काय धाड भरली." शाळेवरून जाताना मी बाईंच्या गळ्याकडं बघायची, पण पदर कसा नेमका गळ्याशी लपेटलेला! आता कळतं, थंडी होती. तेव्हा वाटायचं, चेन लपवते.

म्हणून मी हळदीकुंकू केलं. बाईंना मुद्दाम, आवर्जून बोलावलं. सुगडात बोरं, ऊस, हरभऱ्याचे घाटे, गाजराचे तुकडे. अंगणात सडा, रांगोळी, तिळाचा खमंग वास. बाई आल्या, पाटावर बसल्या. मी कुंकू लावलं आणि त्याच हातानं पदर धरला. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

 सुगडावरची माशी ऐकू येत होती. बाई पांढऱ्याफटक पडल्या आणि म्हणाल्या, "कसली चेन?"

आणि नेमकं त्याच वेळी फाटकातून आवाज आला, "भाभी! चेन आली!"

गफूरभाई हातगाडी ढकलत आत आले. कारंज्याहून एसटीच्या टपावर टाकून आणली होती. मोठ्या मानानं त्यांनी ती उचलली, खांद्यावरून घेतली आणि रांगोळीवर आपटली. धाडकन. गाईच्या दाव्याला लाजवील अशी लोखंडी साखळी, अंगठ्याएवढ्या जाड कड्यांची, आडव्या पट्ट्यांची, वेल्डिंगच्या जळक्या वासाची. आणि तिच्या मागोमाग दुसरी. जोडी.

"बरफात चाकाले बांधाची," गफूरभाई सगळ्यांना समजावून सांगायला लागले. "चंपीच्या मापाची केली. आता घसरून दाखवाव म्हना!"

पहिली कोण हसली आठवत नाही. पण मग कोण थांबली हेही आठवत नाही. मी पदर हातात धरून तशीच उभी. मास्तरीणबाईंनी माझी बोटं एक-एक करून हळूच सोडवली आणि म्हणाल्या, "चेन तुमची, गाडी तुमची, मालकही तुमचेच. मला आपला तिळगूळ तेवढा द्या. आणि गोड बोला."

त्या दिवसापासून गावात माझं नाव चेनवाली. यांनी नाव ठेवलं नाही ती कसर गावानं भरून काढली.

त्यांनी मला रागावायला पाहिजे होतं. रागावले असते तर मी भांडले असते आणि मोकळी झाले असते. ते रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मला हाताला धरून जीपपाशी नेलं. ड्रायव्हरच्या शेजारची सीट नवी केली होती. हिरवं रेक्झिन, आत गच्च कापूस, पाठीला उशी. बाकी जीपमध्ये सगळं खडखडत होतं, ही एकच जागा मऊ होती.

"हे तुह्यासाठी," म्हणाले. "चेन झाली का सांगनार होतो. चाल बरफात."

इतकं साधं होतं. बसायचं होतं फक्त. पण माझ्या कानात अजून बायांचं हसणं वाजत होतं. मी म्हटलं, "मले नाई याचं. जा तुमच्या चंपीसंगं."

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी परत विचारलं. मी परत तेच म्हटलं. मी तिसऱ्यांदा विचारायची वाट बघत होते. ट्रंकेत दोन लुगडी घडी करूनसुद्धा ठेवली होती. पण पुरुषाला दोनदा विचारायची अक्कल असते, तिसऱ्यांदा नसते.

ते निघाले तेव्हा मी चुलीपुढून उठले नाही. नुसतं ऐकलं. चेन मागं टाकल्याचा खणखणाट. गफूरभाईंचं बिस्मिल्ला. सासूबाईंचं 'जपून जा रे'. इंजिन सुरू झालं आणि बराच वेळ तसंच चालू राहिलं, जागच्या जागी. मग गियर पडल्याचा आवाज आला. पिंपळापाशी वळताना हॉर्न वाजला. मग भाकरीचा करपट वास.

परत आले तेव्हा दोघांच्या नाकांची सालं निघाली होती आणि तोंडं मिटत नव्हती. घाटात सगळ्या गाड्या अडकल्या आणि चंपी चेन बांधून, छोट्या गियरमध्ये, मुंगीसारखी वर गेली. सकाळी टाकीखाली शेगडी ठेवावी लागली. बर्फ पडताना आवाजच होत नाही. हे मी गावातल्या लोकांसोबत, दारामागून ऐकलं. मला यांनी आणलं काय, तर लोकरीचे मोजे. वऱ्हाडात लोकरीचे मोजे! मी त्यातला एक हाती घालून चुलीवरचं भगोणं उतरवलं, त्यांच्या डोळ्यांदेखत. टाचेला जळकं भोक पडलं. 

आणि माझी लाल शाल. माहेरची, लग्नातली, ट्रंकेच्या तळाशी डांबराच्या गोळ्यांत ठेवलेली. फाल्गुनात ट्रंक उघडली तर शालीला डिझेलचा वास. मी शाल घेऊन बाहेर आले. "हे काय? सवतीले पांघरली का माही शाल?"

ते हसले. असे हसले की मला ते हसू समजायला उभा जन्म लागला. "व्हय," म्हणाले. "सवतीलेच पांघरली."

रिठ्यानं धुतली, साबणानं धुतली, उन्हात टाकली. वास गेला नाही. मग मी ती परत कधी अंगावर घेतली नाही.

दिवस काय, जातातच. चंपी पुढं कापूस घेऊन कारंज्याला गेली, मंगरूळपीरच्या उरसाला माणसं घेऊन गेली, माझ्या लेकीला बाळंतपणाला घेऊन गेली. मी त्या पुढच्या सीटवर नाइलाजानं बसायची, कडेला, अंग चोरून. जिथं माझ्याऐवजी गफूरभाई बसून बर्फ बघून आले ती ही जागा, हे डोक्यातून जायचं नाही. हिरवं रेक्झिन फाटलं, कापूस बाहेर आला, तरी गेलं नाही. पुन्हा बर्फात जायचं हे म्हणत राहिले आणि मी हो म्हणायला तयार होते. पण कधी पेरणी, कधी लग्न, कधी दुखणं. मग तेच गेले. चंपी कोठ्यात गेली.

बाईंची बदली झाली तसा त्यांचा हेवा संपला. चंपीचा, तिला गंज चढला तसा, कमी झाला. गफूरभाईंचा मात्र नाही. दरवर्षी ईदला ते शीरखुर्म्याचा डबा घेऊन येतात आणि दरवर्षी कधीतरी म्हणतातच, "भाभी, बरफ काय चीज व्हती!" मी शीरखुर्मा खात खात जळायची. तोंडात खारीक, बदाम, आणि पोटात आग. मनात म्हणायची, मेल्या, माझ्या जागेवर बसून बघितलास तू बर्फ.

आणि आता मनू. तिचा हेवा तर सगळ्यात वाईट, कारण तिच्यावर रागावता येत नाही. ती पॅन्ट घालून जीपखाली झोपते. तिला कुणी विचारत नाही, कुठं चाललीस, कुणासोबत, कायले. तिच्या कोपरापर्यंत ग्रीस लागतं आणि ते तिला बांगड्यांसारखं शोभतं. मी तिच्या वयाची असताना जीपच्या दिव्यांशी भांडत होते.

मागं सगळं सामान, डिझेलचे डबे, तंबू, फावडं, आणि एका बाजूला घडीची एक लहान फळी, गरज पडली तर बसायला. पुढं दोन सीट. मनूनं सीटला नवं कापड लावलं, पण आतला कापूस तोच ठेवला. म्हणाली, "आजोबांचा आहे." मग पुसत पुसत, सहज, माझ्याकडं न बघता म्हणाली, "आजी, चलतेस? ही सीट रिकामीच आहे."

आणि माझ्या तोंडातून आपसूक निघालं, "मले नाई याचं."

तीच जीभ, तेच शब्द. इतक्या वर्षांत दात पडले, जीभ सुधारली नाही.

"बरं," मनू म्हणाली. "मग माझ्या मैत्रिणीला विचारते. ती कधीची मागं लागली आहे. उद्या सांगून टाकते तिला."

लगेच मैत्रीण! मी त्या पोरीला पाहिलेलंही नाही, पण त्या दुपारी मी तिचं नाक, डोळे, केस सगळं मनात तयार केलं आणि एकेक करून नावं ठेवली. मनू तिसऱ्यांदा सोडा, दुसऱ्यांदाही विचारायची नव्हती. आजोबांवर गेली आहे, पण पूर्ण गेली नाही.

जुनी चेन कोठ्यात सापडली होती, गंजलेली. नवे टायर मोठे, म्हणून मनूनं ती गफूरभाईंच्या दुकानात कड्या वाढवायला पाठवली होती. दुकान आता त्यांचा लेक चालवतो, पण ही चेन गफूरभाईंनी स्वतः समोर बसून करून घेतली. दुसऱ्या दिवशी मी ओसरीवर सोयाबीन निवडत होते. फाटकापाशी रिक्षा थांबली आणि म्हाताऱ्या, फाटक्या आवाजात हाक आली, "भाभी! चेन आली!"

 हात आपोआप पदराकडं गेला, या वेळी माझ्याच.

मनूनं चाकं चढवली, चेन बांधली. नाल्याच्या गाळात नेऊन बघायचं ठरलं. इंजिन सुरू झालं, जागच्या जागी चालू राहिलं, आणि मी तो आवाज ओळखला. मनू म्हणाली, "गफूरआजोबा, बसा पुढं."

गफूरभाई काठी टेकत जीपला वळसा घालून मागं गेले. पाय उचलेना, तरी डबे धरून, कण्हत, त्या अरुंद फळीवर चढून बसले.

मला राहवलं नाही. मी ओसरीवरूनच म्हटलं, आणि त्यात जेवढी मिरची घालता येईल तेवढी घातली, "काहून गफूरभाई, आज मांगं? समोरची सीट तं तुमच्या सवयीची. बरफ पाह्याची."

मनूनं इंजिन बंद केलं. गफूरभाई माझ्याकडं बघतच राहिले. मग ते बोलले. मैत्रिणीला फोन झाला नाही. मनूनं तो माझ्यासमोर, न विचारता, खिशात ठेवून दिला. जीप उरलेल्या कामासाठी परत घोड्यांवर चढली. त्याच दिवशी मी ट्रंक उघडली, तळापासून शाल काढली आणि मोजे काढले. टाचेच्या भोकातून हवा येते, बरं वाटतं. पायांना सवय व्हावी म्हणून घालून बसते. शालीला अजून डिझेलचा वास आहे, आणि आता मी ती धुणार नाही.

गफूरभाई त्या दिवशी जे बोलले ते शब्दाला शब्द असं:

"सवयीची? खुदाची कसम भाभी, मी त्या सीटवर एक डाव बी नाई बसलो. जाता बी मांगं, येता बी मांगं. समोर तुमची लाल शाल बसली होती. मी दोस्ताले म्हतलं, राज्या, शाल इकडं दे आन मले समोर येऊ दे, मांगं हवा कापून राह्यली. तं म्हने, नाई गफूर, थे तिची जागा हाये. मी मांगं दात वाजवत बसलो आन शाल समोर बसून बरफ पाह्यत गेली. जिंदगीत मी कोनाचा हेवा नाई केला, भाभी. त्या शालीचा केला."